जिजाईचा पूर्वपक्ष : ‘संत तुकाराम’ बोलपटांतील गौरीची भूमिका

या त्रैमासिकांत आजवर सनदा, महजर, शकावल्या, ताम्रपट व बाडें यांचीच चर्चा होत आली आहे. तेथें एका बोलपटाचा, आणि त्यांतही दुय्यम भूमिका करणाऱ्या एका नटीचा विषय काढणें कित्येक वाचकांस अप्रशस्त वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु विषय तुकोबांच्या गाथेचा आहे, आणि गाथेंतील एका लहानशा प्रकरणाचा अर्थ लावण्याचे कामीं ज्यांचें साहाय्य आम्हांस झालें, त्यांत या नटीचा क्रम आम्ही वरचा लावतों. तेव्हां हें लेखन नाट्यपरीक्षण न समजतां अर्थचर्चा समजून वाचावें, एवढीच विनंती.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १२ डिसेंबर १९३६ रोजीं मुंबईंतील सेंट्रल सिनेमांत प्रथम दाखविला गेला. दिग्दर्शन विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांचें, कथा व संवाद शिवराम वाशीकर यांचे, संगीत केशवराव भोळे यांचें, आणि तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ सालीं व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. आणि पागनीसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा असें लोकांच्या मनांत इतकें ठसलें कीं, पुढें घरोघर लागलेल्या तसबिरींत बिंब कोणतें व प्रतिबिंब कोणतें हें सांगणें कठीण व्हावें. या गोष्टी पुष्कळ वेळां लिहून झाल्या आहेत. आमचा विषय, स्तुतीचीं दोन वाक्यें लिहून बहुतेक लेखक जिच्यावरून पुढें जातात, ती जिजाईची भूमिका. श्रेयनामावलींत ती करणाऱ्या नटीचें नांव नुसतें ‘गौरी’ असें आहे. त्यापुढें वडिलांचें नाहीं, कुळाचें नाहीं, गांवाचें नाहीं.

आधीं ग्रंथाधार पाहूं. तुकोबांच्या दोन स्त्रियांपैकीं पहिली रखुमाई. ती दमेकरी होती व दुष्काळांत अन्नावांचून गेली. दुसरी जिजाई ऊर्फ आवली, पुण्याच्या आप्पाजी गुळवे नांवाच्या सावकाराची कन्या. सावकाराच्या घरांतून वाण्याच्या चालत्या दुकानांत आलेली ही मुलगी. पुढें दुकान बुडालें, दुष्काळ आला, आणि नवरा विठोबाचा झाला. तिच्याविषयीं आपण जें बोलतों त्यांतील बहुतेक भाग महीपतीच्या ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या दोन ग्रंथांतून आलेला आहे. महीपति प्रेमळ चरित्रकार खरा. पण त्याच्या रीतींत अशा स्त्रीला एकच काम उरतें, आणि तें म्हणजे नवऱ्याच्या क्षमेला प्रसंग पुरविणें. ती भडकते म्हणून ते शांत दिसतात, ती मोजते म्हणून ते उदार दिसतात. उसाच्या कांडाची गोष्ट तर शाळेंतील लहान पोरांसही ठाऊक आहे. त्या गोष्टींत ऊस कोणाच्या पाठीवर मोडला हें सर्वांस आठवतें. घरांत त्या दिवशीं चूल पेटली होती काय, हें कोणी विचारीत नाहीं.

गाथेंत मात्र निराळें आहे. तुकोबांनीं कांहीं अभंग स्त्रीच्या तोंडीं घातले आहेत. घरांत आलेलें धान्य पोरांच्या मुखीं लागत नाहीं, दारांत टाळ कुटणाऱ्यांची दाटी, आणि हा मनुष्य संसार टाकून देवळांत बसतो, अशी तिची फिर्याद त्यांत आहे. छापील गाथांत या अभंगांवर, स्वामींच्या स्त्रीनें स्वामींस कठोर उत्तरें केलीं, अशा अर्थाचा मथळा आढळतो. त्यांच्याच जोडीला स्त्रीस केलेल्या उपदेशाचे अभंग आहेत. संप्रदायांत त्यांस पूर्णबोध म्हणतात. आतां मथळे हे कवीचे नसतात. लिहून घेणाऱ्याचे, संग्राहकाचे किंवा संपादकाचे असतात, हें हस्तलिखितें हाताळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. उत्तरें ‘कठोर’ होतीं हा निवाडा मथळ्याचा आहे. अभंगांत आहे ती नुसती साक्ष. आणि ती साक्ष, ज्याच्याविरुद्ध ती दिली गेली त्यानेंच, आपल्या हातानें, आपली नाममुद्रा खालीं घालून नोंदवून ठेविली आहे. प्रतिवादीनें वादीची कैफियत अक्षरशः लिहून द्यावी, असा हा प्रकार आहे.

इतकें समोर असतां आम्हीं काय केलें? तीस वर्षांहून अधिक काळ आम्हीं नागपुरांतील एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. तुकोबांवरील पाठ आला कीं, ‘त्यांच्या पत्नीचा स्वभाव कसा होता?’ हा प्रश्न ठरलेला, आणि ‘कजाग व भांडखोर’ हें उत्तरही ठरलेलें. तें उत्तर आम्हींच फळ्यावर लिहून देत होतों, आणि तें जसेंच्या तसें उतरविणाऱ्यास पूर्ण गुण देत होतों. मथळा वाचून अभंग न वाचण्याचा हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथीं मारूं शकत नाहीं.

संस्कृत शास्त्रग्रंथांची एक शिस्त आहे. सिद्धान्त मांडण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडावा लागतो. आणि तो दुबळा करून मांडणारा पंडित सभेंत हंसें करून घेतो. प्रतिपक्षाचें म्हणणें त्यालाही इतकें चांगलें मांडतां आलें नसतें, अशा रीतीनें मांडावें आणि मग उत्तर द्यावें. कुमारिल व शंकराचार्य यांच्या ग्रंथांत पुष्कळ ठिकाणीं वाचकास भय वाटतें कीं, आतां याला उत्तर कसें मिळणार. तुकोबांनीं स्त्रीच्या तोंडीं घातलेले अभंग हा असा पूर्वपक्ष आहे. महीपतीनें तो कमजोर केला. कीर्तनकारांनीं त्याची नक्कल करून टाकिली. आम्हां शिक्षकांनीं त्याचें एका विशेषणांत भरीत केलें. गौरीनें तो पुन्हां सबळ करून उभा केला, हें आमचें म्हणणें आहे.

तो कसा सबळ केला, तें थोडें विस्तारानें पाहिलें पाहिजे. या बोलपटांत तुकोबा बहुतांशीं गातात. ते बोलतात तेंही गाण्याच्या उंबरठ्यावर उभें राहून बोलल्यासारखें, मृदु व संथ. जिजाई बोलते गद्य. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, आणि स्त्रिया व विदूषक प्राकृत बोलतात. त्या दोन भाषांच्या सीमेवर नाटकाचा पुष्कळसा जीव असतो. येथें तीच योजना आहे. एकीकडे अभंग, दुसरीकडे पीठमीठ. गौरीचें चातुर्य असें कीं, ती आपलें गद्य कधीं पद्याच्या पायाशीं नेऊन बसवीत नाहीं. तुकोबांच्या तोंडून मोठें वाक्य निघालें कीं तिचें उत्तर तयार असतें, आणि तें त्या वाक्यापेक्षां नेहमीं आखूड असतें. थोर वचनाच्या शेपटीवर पाय द्यावा तसें. त्यांत तोऱ्याचा किंवा पाठांतराचा वास नाहीं. हात कामांत असतां, पाठ अर्धी वळलेली असतां, खेड्यांतील बाई जशी बोलून जाते तसें तें बोलणें आहे.

हें त्या काळीं सोपें नव्हतें. १९३१ सालीं ‘आलम आरा’ निघाला व १९३२ सालीं प्रभातनें ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, तेव्हां पडद्यावर आलेली वाणी ही रंगभूमीची वाणी होती. शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकास ऐकूं जावें म्हणून कमावलेला स्वर ध्वनिग्राहक यंत्रापुढेंही तसाच लावला जाई, आणि वाक्याच्या शेवटीं टाळीसाठीं जागा सोडली जाई. ‘संत तुकाराम’च्या दोघां दिग्दर्शकांपैकीं दामले हे प्रभातमध्यें ध्वनिलेखनाचें काम पाहणारे, आणि फत्तेलाल हे कलायोजनेचे, म्हणजे एकाचे कान व दुसऱ्याचे डोळे तयार. दामल्यांच्या कानाला गौरीचा स्वर रुचला यांत आश्चर्य नाहीं. तिच्या गळ्यांत नाटकाची तालीम नव्हती, म्हणून मोडावयाचें असें कांहीं नव्हतेंच.

याच्या उलट पागनीस. ते संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिकांबद्दल नांवाजलेले नट. त्यांच्या तुकोबांत जें आर्जव आहे, मान कलती ठेवण्याची जी सवय आहे, देवाकडे पाहतांना डोळ्यांत जी ओल आहे, ती कोठून आली असावी हें मुद्दाम सांगण्याची गरज नाहीं. एक वर्ष आधीं, १९३५ सालीं, प्रभातनेंच ‘धर्मात्मा’ या बोलपटांत बालगंधर्वांस एकनाथांच्या भूमिकेंत उभें केलें होतें. लागोपाठ दोन संत, आणि दोन्ही भूमिकांत रंगभूमीवर नायिका म्हणून वाखाणलेले पुरुष. अशा नवऱ्यासमोर बायको म्हणून कोण उभी करावयाची? दुसरी एखादी कमावलेली गायिका-नटी आणली असती तर दोन नायिकांचा सामना झाला असता. आणली ती गौरी. स्टुडिओंतील अगदीं खालच्या कामापासून व गर्दींतील किरकोळ भूमिकांतून वर आलेली, धंद्यानें नटी नव्हे अशी बाई, असें तिच्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. या निवडीमुळें घर हें घर झालें. पागनीस ज्या अंगणांत अभंग गातात त्या अंगणांत शेण, पाणी व म्हैस आहे, यावर विश्वास बसतो तो गौरीच्या पावलांमुळें.

येथें एक जुनी आठवण सांगण्याचा मोह होतो. हा बोलपट आम्हीं प्रथम पाहिला तो लहानपणीं, नागपुरांत महाल भागांत, गणेशोत्सवांत रस्त्यावर ताणलेल्या कापडी पडद्यावर. पडद्याच्या दोन्ही बाजूंनीं लोक बसत. आम्ही मुलें मागल्या बाजूस होतों, त्यामुळें आमच्या तुकोबांचा उजवा हात डावा होता. तुकोबांचें गाणें सुरू झालें कीं पुरुषांच्या बाजूनें टाळ्यांचा ठेका पडे. पण जिजाईनें तोंड उघडलें कीं प्रथम हंसूं येई तें बायकांच्या बाजूनें, आणि तें साधें हंसणें नव्हतें. आपलें कोणीतरी बोललें, असें तें हंसणें होतें. तिची बोली मावळाकडची आणि आमच्याकडील बायका वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या. तरी एकही टोला वायां गेला नाहीं. आमच्या शेजारच्या एक वृद्ध आजी, ज्या एकादशीला पाणीही पीत नसत, त्या विठोबाला दिलेल्या शिव्या ऐकून पदर तोंडाला लावून हंसत होत्या. त्यांच्या भक्तींत त्यानें कांहीं उणें झालें असें आम्हांस पुढेंही दिसलें नाहीं.

त्या शिव्यांचा प्रसंग या भूमिकेचा कळस आहे. मुलगा आजारी, घरांत दमडी नाहीं, नवरा भजनांत. जिजाई आजारी पोराचा हात धरून, वहाण हातांत घेऊन, तडक विठोबापुढें जाऊन उभी राहते. आवली देवाला अद्दल घडवावयास देवळांत जाते ही कथा परंपरेंत आहेच. तेथें तिच्या रागाला रखुमाई आडवी येते आणि रागाचें रूपांतर प्रसादांत होतें. बोलपटांतही दैवी उत्तर मिळतेंच. पण गौरी तें उत्तर मिळण्यापूर्वींचा जो वेळ आहे, तो भरून काढते. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळीं पाखंड नाहीं. जो देव नाहीं असें वाटतें त्याच्यावर कोणी वहाण उगारीत नाहीं. देव आहे, तो ऐकतो, आणि त्यानें आपलें येणें बुडविलें आहे, अशी तिची पक्की खात्री आहे. सावकाराच्या मुलीला शोभेल अशी ही आस्तिकता आहे. या एका प्रसंगांत तुकोबांइतकाच तिचाही देवाशीं रोखठोक व्यवहार आहे, हें दिसतें. तुकोबाही आपल्या अभंगांतून देवाशीं भांडले आहेत, आणि तें भांडण आपण भक्तीचा उत्कर्ष म्हणून शिकवितों. बायको तेंच करते तेव्हां मथळा बदलतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा पहिला अंक ज्यांनीं वाचला आहे त्यांस येथें मैत्रेयाची आठवण होईल. दानानें निर्धन झालेला चारुदत्त मैत्रेयाला मातृदेवतांस बलि देण्यासाठीं चवाठ्यावर जावयास सांगतो. विदूषक म्हणतो, इतकी पूजा करूनही जे देव प्रसन्न होत नाहींत त्यांची पूजा कशाला? चारुदत्त त्याला गृहस्थाचा नित्यधर्म सांगून गप्प करतो. वाक्य विनोदी आहे, पण त्यांतील प्रश्न विनोदी नाहीं, आणि चारुदत्ताचें उत्तर प्रश्नाला पुरें पडत नाहीं हें शूद्रकाला ठाऊक आहे. विदूषक या पात्राविषयीं आपली समजूत अशी झाली आहे कीं, तो पोटभरू व वेडगळ. खरें पाहतां नायकाच्या औदार्याचा खर्च कोणाच्या पोटावर पडतो, हें नाटकांत बोलावयाचा अधिकार त्याला एकट्याला आहे. गौरीची जिजाई ही त्या जातीची. आम्ही तिला मैत्रेयापेक्षां एक पायरी वर ठेवूं; कारण मैत्रेय मित्र आहे, चारुदत्ताला सोडून तो जाऊं शकतो. जिजाईच्या पदरांत पोरें आहेत.

भरतमुनींनीं हास्याची उत्पत्ति शृंगारापासून सांगितली आहे. आम्ही विद्यार्थ्यांस हें सूत्र शिकवीत असूं, पण त्याचें बरें उदाहरण देतां येत नसे. शृंगाराची नक्कल म्हणजे हास्य, एवढें सांगून वेळ मारून नेत असूं. रानांत नवऱ्यास शोधीत, डोक्यावर भाकर घेऊन जाणाऱ्या जिजाईचा प्रसंग पाहतांना हें सूत्र प्रथम उलगडलें. ती चिडलेली आहे, धापा टाकते आहे, तोंडाचा पट्टा चालू आहे. आणि तो जेवावयास बसला कीं तोच पट्टा चालू असतांना तिचे हात त्याला वाढीत असतात. बोलणें एक सांगतें व हात दुसरें सांगतात. तिचा प्रत्येक टोमणा या माणसावांचून आपल्याला कोणी नाहीं, या एका गोष्टीवर टेकलेला आहे. टोमणा मारतांना ती आवाज चढविते, पण शब्द सोडल्यावर क्षणभर त्याच्याकडे पाहते, तो लागला किंवा नाहीं हें जोखण्यासाठीं नव्हे. तो दुखावला तर नाहीं ना, यासाठीं. संवाद वाशीकरांचे, हें पाहणें गौरीचें.

बोलपटाचा दोष आहे तो उत्तरपक्षांत. जिजाईच्या फिर्यादीला तुकोबांनीं गाथेंत उपदेशाचें उत्तर दिलें आहे. तें पटो वा न पटो, तें उत्तर आहे. बोलपटांत पुष्कळदां उत्तर म्हणून चमत्कार येतो. इंद्रायणींतून वह्या वर येतात हें समजण्यासारखें आहे, कारण तेथें वाद अभंगांचा आहे. पण ज्या बाईची तक्रार अन्नाची, तिला धान्याच्या राशी दाखविणें म्हणजे तिची बाजू खरी होती असें कबूल करून मग तिलाच खोटें पाडणें होय. पूर्वपक्षाला युक्तीनें उत्तर न देतां दक्षिणा देऊन घरीं पाठविल्यासारखें तें वाटतें. यंत्रकौशल्याचीं हीं दृश्यें त्या वेळीं लोकांस फार आवडलीं, आणि लहानपणीं आम्हांसही आवडलीं. पण आतां पाहतांना प्रत्येक चमत्कारानंतर आमचे डोळे तुकोबांकडे न जातां जिजाईकडे जातात. गौरी तेथेंही फसत नाहीं. चमत्कार पाहून ती भाविक होऊन बदलून जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिला पुन्हां दळावयाचेंच आहे, हें तिच्या ध्यानांत असतें. राजाकडून आलेला नजराणा तुकोबा परत करतात तेव्हां तिचा जो संताप होतो, त्याला बोलपटापाशीं उत्तर नाहीं, आणि तें नाहीं हें बरें झालें.

शेवटीं तुकोबा वैकुंठास निघतात व तिलाही चल म्हणतात. घरकामांत गुंतलेली ती हें नेहमींचेंच वेडें बोलणें समजून सोडून देते. विमान जातें, ती जमिनीवर राहते. कीर्तनांत हा भाग तिच्या अज्ञानाचें उदाहरण म्हणून सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकानें येथें थोडें थांबावें. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेनंतर देहूस जें राहिलें तें घर या बाईनें चालविलें. तुकोबांच्या मागें तिला झालेला मुलगा नारायण. आणि पादुका पालखींत घालून देहूहून पंढरीस नेण्याचा जो सोहळा आज लाखों लोक पाहतात, तो १६८५ सालीं याच नारायणबाबांनीं सुरू केला असें परंपरा सांगते. ती विमानांत बसून गेली असती, तर पालखी कोणी उचलली असती?

गौरीच्या पुढील भूमिकांपैकीं १९४१ च्या ‘संत सखू’ मधील सासूची भूमिका विचारांत घेण्यासारखी आहे. सखू हंसा वाडकर. येथेंही तोच फटकळ गळा, तोच हजरजबाबीपणा, पण परिणाम अगदीं निराळा. सखूच्या सासूला छळावांचून दुसरें कामच दिलेलें नाहीं. तिची बाजू लेखकानें लिहिलेलीच नाहीं, म्हणून नटीला ती मांडतां आली नाहीं. पांच वर्षांपूर्वीं जी जीभ उपाशी पोरांसाठीं चालत होती ती येथें नुसती चालते. आम्ही हा दोष गौरीकडे लावीत नाहीं. ‘संत तुकाराम’चें यश पाहून तोंडाळ बाईचा एक सांचा तयार झाला आणि तिला त्या सांच्यांत बसविलें गेलें, असें आमचें मत आहे. प्रभातच्याच ‘कुंकू’ (१९३७) मध्यें विमला वसिष्ठ यांनीं केलेली घरांतील वडीलधारी बाई याच पेठेंतील. तीही चांगली वठली आहे, पण तिच्याकडे पाहून हंसतांना तिच्याविषयीं कणव वाटत नाहीं.

अमेरिकेंतही बोलपट आल्यावर अशी एक जात निर्माण झाली. तेथें नायिकेच्या शेजारीं उभी राहून टोमणे मारणारी मैत्रीण असे. १९३३ च्या ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ मधील उना मर्केल व जिंजर रॉजर्स यांच्या भूमिका प्रसिद्ध आहेत, आणि ग्लेंडा फॅरेल हिनें तर याच कामावर नांव मिळविलें. मूकपटांत मुखचर्येला मान होता. ध्वनि आल्याबरोबर जिभेला मान आला, आणि जी नायिका होण्याइतकी ‘नाजूक’ नाहीं तिला जीभ देण्यांत आली. हें दोन्हीकडे सारखेंच. फरक इतकाच कीं, त्या मैत्रिणी रंगभूमीच्या धंद्यांतील पुरुषांस व दलालांस चिमटे काढतात. आमच्या जिजाईचा प्रतिवादी विटेवर उभा आहे.

आतां नाममुद्रेविषयीं, कारण या विषयांत ती वारंवार आडवी येते. बोलपटांतील खलपुरुष सालोमालो (भागवत यांनीं केलेली भूमिका) तुकोबांचे अभंग आपल्या नांवावर खपवितो. महीपतीच्या कथेंतील मंबाजी गोसाव्याचें बरेंचसें काम वाशीकरांनीं या सालोमालोकडे दिलें आहे. पण सालोमालो हें नांव कल्पित नव्हे, तें गाथेंत आहे. दुसऱ्याची मुद्रा काढून आपली घालण्याचा हा एक प्रकार. याच बोलपटासाठीं शांताराम आठवले यांनीं ‘आधी बीज एकले’ हें पद लिहिलें. तें इतकें जमलें कीं अनेकांनीं तें तुकोबांचेंच समजून चालविलें. म्हणजे येथें कवीनें आपलें काव्य नकळत दुसऱ्याच्या मुद्रेखालीं गमावलें. संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं गाथा छापली, ती असल्या प्रक्षेपांचा निवाडा व्हावा म्हणूनच. आणि दोनशेंअडीचशें वर्षांपूर्वींच्या लेखकांचे हात ओळखण्यांत आमच्यापैकीं पुष्कळांनीं आयुष्यें घालविलीं आहेत. स्त्रीच्या तोंडच्या अभंगांखालींही मुद्रा तुकोबांचीच आहे, हें वर आलेंच. आणि त्या अभंगांना ज्या बाईनें तीनशें वर्षांनीं आवाज दिला तिच्या नांवाचा अर्धाच तुकडा पटावर आहे.

प्रभातच्या लोकांनीं आठवणी कमी लिहिल्या असें नाहीं. आठवल्यांचा ‘प्रभातकाल’ आहे, भोळ्यांचें ‘माझें संगीत’ आहे, व्ही. शांताराम यांचें ‘शांतारामा’ आहे. दुर्गाबाई खोटे यांनीं आत्मचरित्र लिहिलें, आणि गौरीच्या सखूनें, म्हणजे हंसा वाडकर यांनीं, १९७० सालीं ‘सांगत्ये ऐका’ हें पुस्तक दिलें. जिच्या जिभेवर निम्मा ‘संत तुकाराम’ उभा आहे तिचें पुस्तक नाहीं. वा. वि. मिराशी यांनीं वाकाटकांचे ताम्रपट वाचून दाखविले तेव्हांपासून नागपूरकर अभ्यासकांस एक गोष्ट परिचित आहे: जुन्या ताम्रपटांत दान देणारा राजा, दान घेणारा ब्राह्मण यांच्या बरोबरीनें शेवटच्या ओळींत लिहिणाऱ्याचें व पत्रा कोरणाऱ्याचेंही नांव पुष्कळदां येतें. पांचव्या शतकांतील सोनाराला जो मान मिळाला तो विसाव्या शतकांतील नटीला मिळूं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें.

प्रभात कंपनी १९५३ सालीं बंद झाली. तिच्या पुण्याच्या आवारांत १९६० सालीं सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था आली, आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. फिती तेथें सांभाळल्या गेल्या. पण फितीबाहेरचा कागद कोणाचाच नसतो. त्या काळीं प्रत्येक बोलपटाबरोबर पदांची एक पुस्तिका विकली जाई. तींत कथासार, पदें व पात्रांची यादी असे. वाटावयाचीं पत्रकें असत, दुकानांतून विकले जाणारे फोटो असत, थिएटरांच्या हिशेबाच्या वह्या असत. हा कागद पोथीच्या कागदापेक्षां हलका असून पोथीइतका जुना होण्यापूर्वींच मोडेल. नागपुरांत व वऱ्हाडांत ज्यांच्या घरीं जुनीं बाडें आहेत त्यांच्यापैकीं कित्येकांच्या त्याच पेटींत, आजीच्या व्रतकथांच्या पोथ्यांमध्यें, अशी एखादी पुस्तिका असण्याचा संभव पुष्कळ आहे. आमच्याकडे दोन आहेत. एकीच्या मुखपृष्ठावर हळदीचीं बोटें उमटलेलीं आहेत. बाडें चाळतांना वाचकांनीं त्या रद्दींत न काढतां, निदान पात्रांच्या यादीची नक्कल करून मंडळाकडे पाठवावी.